चेंडूला कान नसतात

१२ एप्रिल, सकाळ

या वर्षी मन गुंतवायचं नाही. आमच्या गावच्या बेसबॉल टीमचा, फेरीमेनचा सामना पाहायचा, वहीत नोंद करायची, घरी यायचं. पाऊसमापक पाहावा तसं. डॉक्टरांनाही हेच हवं आहे. काल हंगामाचा पहिला सामना. अकरा-दोनने हरलो. काहीही वाटलं नाही. घरी येऊन रेडिओ लावला तर त्याचं बटण हातात आलं. ते आधीपासूनच सैल होतं.

१३ एप्रिल

डोरीनला नो-हिटर म्हणजे काय हे लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी सांगावं लागतं. एकाच सामन्यात समोरच्या टीमला नऊच्या नऊ डाव एकही हिट, म्हणजे बॅटने मारून बेस गाठणं, मिळू द्यायची नाही. संपलं. शाळेत आठवीच्या पोरांना यापेक्षा अवघड गोष्टी मी एका तासात समजावल्या आहेत.

एकोणतीस वर्षांत मी इथला एकही सामना चुकवलेला नाही. एकदा पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, पण त्या दिवशी पावसाने सामना रद्द झाला, म्हणून तो धरत नाही. प्रत्येक चेंडूची पेन्सिलने नोंद आहे. तळघरात एकोणतीस वह्या. त्यांत सगळं आहे, फक्त आमच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नो-हिटर नाही. ते एकदा पाहिलं की मी मोकळा. नंतर येणारही नाही.

डोरीन म्हणाली, मग देव करो आणि लवकर होवो.

२० एप्रिल

आमची रांग. तिसरी, तिसऱ्या बेसच्या मागची. माझ्या डावीकडे ऑर्व्हिल, निवृत्त प्लंबर. एकोणीस वर्षं एकच टोपी घालतो आणि ती धूत नाही, धुतली तर टीम हरेल म्हणून. टीम एकोणीस वर्षं हरतेच आहे. हे त्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, विचार कर वेंडल, धुतली असती तर काय झालं असतं.

उजवीकडे मिसेस काझमारेक. वय ब्याऐंशी. आपली बॅटिंग असली की लाल लोकर विणतात, त्यांची असली की करडी. मैदानाकडे बघतच नाहीत. चुकून करडी घेतली तेव्हा आपला सर्वांत चांगला बॅटर बाद झाला, असं त्यांचं म्हणणं.

सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने यांच्यामध्ये बसायचं. चेंडूला कान नसतात, डोळे नसतात, असं मी दोघांनाही सांगितलं. मिसेस काझमारेक म्हणाल्या, तुला कसं माहीत, तू विचारलंयस का त्याला.

४ मे

ओळीने सहा हार. आता जायचं नाही हा निर्णय पक्का.

४ मे, दुपार

ऑर्व्हिलच्या थर्मासचं झाकण माझ्याकडे राहिलं होतं. ते द्यायला गेलो. नऊ डाव झाले तेव्हा झाकण माझ्याच हातात होतं. सातवी हार. आमच्या तिसऱ्या बेसवरच्या माणसाला वाकता येत नाही. सरकारी इमारतीच्या खांबाला युनिफॉर्म घातला असता तरी चाललं असतं.

१८ मे

ओळीने चार विजय. तिसऱ्या बेसवरच्याचं मी आधीपासून म्हणत होतो, त्याची उभं राहण्याची पद्धत वेगळी आहे. शेवटच्या डावात ऑर्व्हिलने मला मिठी मारली. मी मारली असं तो सांगत फिरतो. डोरीनच्या मते मी भांडी पुसताना गुणगुणत होतो. मी गुणगुणत नाही.

या वर्षी आपण जिंकू शकतो. हे भावनेतून म्हणत नाही, आकड्यांवरून म्हणतो.

१ जून

ओळीने आठ हार. आकड्यांचा उपयोग नाही.

आज पिचर डेल पिकेट होता. चौतीस वर्षांचा. हिवाळ्यात काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो. त्याचा वेगवान चेंडू बघताना मध्येच सँडविच खाऊन होतं. बारा वर्षं वरच्या लीगमधून बोलावणं येईल म्हणून वाट बघतो आहे. मी त्याला आठवीला शिकवलं. घर्षण त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

२२ जून, रविवार, संध्याकाळ

नोंद फक्त वस्तुस्थितीची.

पिकेटने सात डाव टाकले. समोरच्यांना एकही हिट नाही. सहाव्या डावापासून रांगेत कोणी बोलेना. ही इथली रीत. नो-हिटर चालू असेल तर तो शब्द उच्चारायचा नाही, जागा बदलायची नाही, पिचर बाकावर येऊन बसला की त्याच्याकडे त्याचे स्वतःचे सोबतीही बघत नाहीत. मोठी माणसं. घरदार असलेली. ऑर्व्हिलला लघवीला जायचं होतं, तो दोन डाव पाय आवळून बसला होता.

मला हा प्रकार सहन होईना. आठव्या डावाच्या सुरुवातीला मी म्हणालो, नो-हिटर चालू आहे, दोन डाव राहिलेत. आवाज नेहमीचा. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसा.

पुढच्याच चेंडूवर हिट. तीही कसली, दोन माणसांच्या मध्ये टपकन पडली.

ऑर्व्हिलने शेंगदाण्यांची पिशवी उचलली आणि पलीकडच्या मांडीवर ठेवली.

२३ जून

हिशेब केला. माझी सीट ते पिचर, साधारण चाळीस मीटर. आवाजाला लागणारा वेळ सेकंदाचा आठवा भाग. मी बोललो तेव्हा त्याने हात मागे नेला होता, म्हणजे चेंडू सुटण्याआधी माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला असणार. ही बाब इथे महत्त्वाची नाही.

२५ जून

ऑर्व्हिल एक सीट सोडून बसला. शेंगदाणे माझ्या डोक्यावरून मिसेस काझमारेकांकडे गेले. मला विचारलं नाही. मला शेंगदाणे आवडत नाहीतच.

मिसेस काझमारेक म्हणाल्या, वेंडल, माझा तुझ्यावर राग नाही. मला फक्त तुझ्याशी बोलायचं नाही.

एक आठवडा देतो यांना. माफी मागत येतील.

३ जुलै

आले नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात रेडिओचं बटण आणायला गेलो. मालकाने पावतीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, तूच का तो. चर्चमध्ये डोरीनच्या चेरी पायला कोणी हात लावला नाही. डोरीन म्हणाली, एकोणतीस वर्षं मी तुला गप्प बसायला सांगते आहे, तुला हाच दिवस मिळाला बोलायला.

पुढच्या वर्षी सीट बदलायची. पहिल्या बेसच्या मागे. तिकडची माणसं वाचन करणारी वाटतात.

९ जुलै

किराणा दुकानात बटाट्यांपाशी पिकेट भेटला. टाळता आलं नाही, त्यानेच हाक मारली. सर म्हणाला. मी थेट विषय काढला. तो म्हणाला, सर, चेंडू वर राहिला माझा, तुमचा काय दोष, कोणीही मारला असता तो.

प्रत्यक्ष पिचरची साक्ष. मी त्याला म्हटलं, हे लोकांनाही सांग. तो बटाटे निवडत राहिला. मग म्हणाला, फक्त पुढच्या वेळी असं काही झालं ना सर, तर तुम्ही जरा पाणी पीत राहा.

१० जुलै

साक्ष ऑर्व्हिलला कळवली. तो समोर बघत, पुढच्या सीटला उद्देशून म्हणाला, डेल सभ्य माणूस आहे, तो तसंच म्हणणार. पाण्याचा भाग मी सांगितला नाही.

२० जुलै, रविवार

एक प्रयोग सुरू केला आहे. हे त्या दोघांच्या खुळासारखं नाही. मी फक्त निरीक्षण करतो. तपकिरी मोजे घातले त्या पाच दिवसांत चार विजय. काळे घातले, तीन हार. इतर सगळ्या गोष्टी सारख्या ठेवायला हव्यात, म्हणून रोज तोच शर्ट, तीच मोहरीची चटणी, गेट क्रमांक दोनमधून डाव्या पायाने आत. याला पद्धत म्हणतात.

२४ जुलै

डोरीनने तपकिरी मोजे धुतले. नऊ-शून्यने हरलो. जेवताना तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली, मोज्यांना नाक नसतं, वेंडल, पण मला आहे.

१० ऑगस्ट

टीम तळाला. मी रोज वेळेवर जातो, नोंद करतो, येतो. माझ्या दोन्ही बाजूंच्या सीट रिकाम्या. पाय पसरता येतात. वही उघडी ठेवता येते. कोणी मध्येच टोपी, लोकर, गुडघेदुखी यांवर बोलत नाही. इतकं एकाग्र निरीक्षण आजवर झालं नव्हतं.

आज तिसऱ्या बेसवरच्याने अक्षरशः आडवं होऊन चेंडू पकडला. असा झेल दहा वर्षांत एकदा. मी डावीकडे वळून म्हणालो, पाहिलंस. सीट रिकामी होती.

२३ ऑगस्ट

पेपरात आलं आहे. पिकेट निवृत्त होतोय. ३१ तारखेचा घरचा शेवटचा सामना त्याचाही शेवटचा. बारा वर्षांत सांगण्यासारखं त्याने काय केलं यावर बातमीदाराने दोन ओळी लिहिल्या आहेत. दुसरी ओळ २२ जूनबद्दल आहे. 'स्टँडमधील एक प्रेक्षक' असं म्हटलं आहे. नाव नाही. डोरीनने कापून फ्रिजवर लावली. मी काढली. तिने परत लावली.

३१ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

पिकेटने पाच डाव टाकले. हिट नाही. मी घोट घोट पाणी प्यायला सुरुवात केली.

सहा डाव. हिट नाही. रांग गप्प. मग एक जण वळून माझ्याकडे बघू लागला. मग दुसरा. वरच्या रांगेतली दोन माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती. कोणी रागावलेलं नव्हतं. गॅसवर दूध ठेवल्यावर बायका बघतात तसं बघत होती. मिसेस काझमारेकांनी विणणं थांबवलं आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मान वर केली, तीही माझ्याकडे.

सात डाव. हिट नाही. माझ्या घशाशी तो शब्द आला होता. बोलायची इच्छा नव्हती. फक्त शब्द आला होता. पाणी संपलं होतं.

सातव्या डावात आमची बॅटिंग सुरू होण्याआधी सगळे उभे राहून गातात, ही इथली रीत. तेव्हा मी वही बंद केली आणि गाडीची काच वर केली आहे की नाही ते पाहायला बाहेर पडलो. कोणाच्या सांगण्यावरून नाही. काच खरंच थोडी उघडी असल्याचं आठवत होतं.

गेट क्रमांक दोनवर पाटी आहे, बाहेर गेलेल्यास आत घेतलं जाणार नाही. एकोणतीस वर्षं वाचतो आहे. गेटवरचा म्हणाला, आजोबा, आज जाऊ नका, आज आत काहीतरी चाललंय. मी म्हटलं, माहीत आहे.

काच वर होती.

गाडीत बसलो. रेडिओ लावला नाही. भिंतीकडे तोंड केलं. मग कानांवर हात ठेवले. उरलेल्या दोन डावांना पन्नास मिनिटं लागली. मध्ये एकदा हात काढला, आत इतकी शांतता होती की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू आली. परत हात ठेवले.

मग गाडीची सीट हादरली. हात न काढताही ऐकू आलं.

डेल पिकेटने नो-हिटर टाकलं. वहीत आठवा आणि नववा रकाना कोरा आहे.

१ सप्टेंबर, सकाळ

ऑर्व्हिलचा फोन. जूनपासून पहिला. त्याच्या मागे मिसेस काझमारेकांचा आवाज येत होता, म्हणजे ही मंडळी आता एकमेकांकडे नाश्त्यालाही जमतात.

म्हणाला, वेंडल, रांगेच्या वतीने आभार मानतो, तू जे केलंस ते कोणी केलं नसतं. डेल शेवटी आमच्या कठड्यापाशी आला, तुझी सीट रिकामी पाहिली आणि टोपी काढली.

मी विचारलं, शेवटचा बाद कसा झाला, जमिनीवरून की हवेतून. दोन रकाने भरायचे आहेत. तो म्हणाला, आठवत नाही बाबा, मी डोळे मिटले होते. मिसेस काझमारेकांना विचार म्हटलं. त्या विणत होत्या.

मग मुद्द्यावर आला. पुढच्या वर्षी माझी जागा पक्की, शेंगदाणेही मिळतील. फक्त सगळ्यांचं म्हणणं असं की, डाव चांगला चालला असेल तेव्हा मी पार्किंगमध्ये बसावं. मिसेस काझमारेक त्यासाठी उशी विणताहेत, लाल. मी आढेवेढे घेतले. मग सातव्या डावापासून कबूल केलं. रांगेला माझी गरज आहे हे उघड आहे.

ऑर्व्हिल म्हणाला, सातव्यापासून ठीक आहे, पण खात्रीसाठी पहिल्यापासूनच गेलास तर बरं. मी म्हटलं, पहिल्या डावात कसलं आलंय नो-हिटर. मग तो म्हणाला, बघ. आत्ता बोललास तो शब्द.

२ सप्टेंबर

घडीची खुर्ची आणली. पार्किंगमध्ये उघडून पाहिली. तिथून स्कोअरबोर्डची मागची बाजू चांगली दिसते.