खंडेनवमीनंतरची लाइन

२४ सप्टेंबर २०२५
कॉलेजची समिती तीन तारखेला येतेय. लाइन चालताना बघणार, मग माझा कोर्स ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवणार. पट्टा माल आणतो, रोबोचा हात उचलतो, लेथ कापतं. सगळ्यांवर मिळून एक कॉम्प्युटर. एवढंसं राज्य माझं! परळच्या या कॉलेजात मला दुसरं काही नकोच आहे.

२६ सप्टेंबर
आज खडाजंगी. पोरांच्या प्रत्येक गटाचं यंत्र एकटं झकास चालतं, एकत्र आलं की अंगण वाकडं! पट्टेवाला अवधूत — "आमचं ओके आहे मॅडम, हातवाल्यांना विचारा." हातवाली दीपिका — "आम्हाला का? लेथचं बघा ना!" अरे, यंत्रं नाही शिकवत मी, यंत्रांच्या मधलं शिकवतेय. घसा बसला.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. फूलगल्लीतून झेंडू नेला. लेथवाला सम्यक म्हणाला, "पूजा तुमची, पुसायचं माझ्याकडे," आणि लेथ लख्ख केलं. अवधूतने एकूण एक यंत्राला हळदकुंकू वाहिलं. मग पेढे. छान गेला दिवस.

३ ऑक्टोबर
समिती बसली आणि पट्टा थांबला! हात आला, त्याने हवा उचलली, लेथमध्ये नीट ठेवली. लेथने हवा कापली. काय ती आज्ञाधारक यंत्रं!

मला लगेच दिसलं. पट्ट्यावरच्या सेन्सरच्या डोळ्यावर कुंकू! त्याला वाटतंय, माल समोरच आहे, म्हणून पट्टा थांबवतोय. बोटाने पुसलं असतं तर कोर्स वाचला असता. तोंडाशी आलं होतं — गिळलं. पोरांना आपलं आपण सापडायला हवं.

पोरांचं सुरू — "आमचं ओके आहे." मग दीपिका आपला हात सोडून पट्ट्यापाशी जाऊन बसली. "अरे, हात येतोय म्हणजे कोणीतरी बोलावतंय ना त्याला? कोण बोलावतंय?" सम्यकही लेथ सोडून आला. तिघांची डोकी एकत्र. अवधूत ओरडला, "च्यायला, मीच डोळा बुजवला याचा!" — समितीसमोर! दीपिकाने ओढणीने पुसलं. लाइन सुरू.

वर्षभर घसा फोडून जमलं नव्हतं ते आज झालं. अध्यक्ष घड्याळ बघत होते. बघू देत! मी जाम खूश आहे.

१३ ऑक्टोबर
कोर्स राहिला. सगळ्या शाखांना सक्तीचा! यंत्रं मात्र दिवाळीनंतर भंगारात. पुढच्या वर्षापासून सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. तिथे लाइन कधी थांबत नाही, म्हणे.