पिकअपच्या मागे वनमालाचं स्वयंपाकघर

मुलुंड पूर्व,
रविवार

ती. माणिकदादा यांस,

चंद्रप्रकाशचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या वाकूनच सगळं चालू आहे.) प्रेमावहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमचा खोकला बसला का? फोनच करणार होतो, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि मग पडवीतली झाडून सगळी मंडळी जावयाचं बोलणं ऐकून हसतात, म्हणून पत्र.

आमची बिल्डिंग पाडायचं ठरलं आणि आम्ही कायमचे तुमच्याकडे कणकवलीला यायचं ठरवलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कपाटं, पलंग पुढे निघून गेले. राहिला वनमालाचा ट्रेलर. दोन चाकांवरचं ते पत्र्याचं स्वयंपाकघर, ज्यातून तिने निम्म्या मुलुंडला घावणे आणि कोंबडी-वडे खाऊ घातले. सामान नेणारे म्हणाले, हे सुटं करून न्यावं लागेल, नाहीतर इथेच विकून टाका. वनमाला माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाली, "हवं तर यांना विका. ट्रेलर माझ्याबरोबर येणार." तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शांताबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी जाहीर करून बसलो की आपल्या पिकअपला जोडून मी स्वतः तो कोकणात आणीन. (शांताबाई तिथे नसत्या तर मीही विकायच्याच बाजूचा होतो.)

आता पिकअपला ट्रेलर जोडणं म्हणजे बैलाला गाडी जोडणं नव्हे, हे मला हूक आणल्यावर कळलं. हुकाच्या टोकाला लोखंडी गोळा असतो आणि त्यावर ट्रेलरच्या दांड्याची वाटी बसते. मी मजबुतीच्या विचाराने दुकानातला सगळ्यात मोठा गोळा आणला, वेल्डरकडून पक्का करून घेतला, आणि मग वाटी बसेना. वरवंट्याने ठोकली. वरवंट्याचा टवका उडाला, वाटी तशीच. (वरवंटा तुमच्या आईचा होता. वनमालाने हा विषय सध्या बाजूला ठेवला आहे, पण टाकून दिलेला नाही.) शेवटी गोळा बदलला. दांडा सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवायला दोन साखळ्या बांधल्या, सगळ्या चाकांत हवा भरली, लांब दांड्यांचे आरसे लावले. एवढं झाल्यावर माझा आत्मविश्वास वाढला आणि दिव्यांची वायर मी स्वतःच जोडली.

तिथे वाट लागली. पिकअपचा ब्रेक दाबला की ट्रेलरचे मागचे लाल दिवे लागायला हवेत. आमच्याकडे ब्रेक दाबला की 'गरमागरम कोंबडी-वडे' ही पाटी लागायची. पवईच्या सिग्नलला थांबलो तर मागचा स्कूटरवाला उतरून खिडकीशी आला आणि दोन प्लेट सांगून गेला. वनमालाला यात काही चूक दिसेना. मागचा माणूस थांबल्याशी मतलब, ब्रेक बघून थांबो की वडे बघून, असं तिचं म्हणणं. तरी वायर नीट करून घेतली.

मग वजन. गॅस, वाटणाचं यंत्र, पातेली, सगळं मी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला रचलं, तर पिकअपची शेपटी खाली बसली, नाक वर गेलं आणि हेडलाइट थेट शांताबाईंच्या देवघरात. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, देवाला उजेड पुरेसा आहे. मग सगळं मागे रचलं, तर रस्त्यावर ट्रेलर शिमग्यातल्यासारखा नाचायला लागला. जड सामान चाकांच्या किंचित पुढे ठेवायचं असतं, हे वनमाला पहिल्यापासून सांगत होती म्हणे. मला तरी ऐकू आलं नव्हतं.

खरी परीक्षा आज पवईला झाली. ऑफिसांना सुट्टी, रस्ते मोकळे, म्हणून सरावाला गेलो आणि एका बंद गल्लीत शिरलो. दादा, ट्रेलर मागे घेणं हा प्रकार माणसाने चारचौघांत करू नये. स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो, आणि डावीकडे फिरवून चकवावं तर त्याला आधीच कळलेलं असतं. थोड्याच वेळात पिकअप आणि ट्रेलर रुसलेल्या नवरा-बायकोसारखे काटकोनात उभे. आजूबाजूला बघे जमले आणि प्रत्येक जण वेगळ्या बाजूला हात करायला लागला. सरळ सांगतो, क्षणभर वाटलं, सासुरवाडीला जाऊन राहायचं आणि तेही असं वाकड्या तोंडाने, त्यापेक्षा बिल्डिंगबरोबर आपल्यालाही पाडावं. वनमाला माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही जरा समोर जाऊन चहा घेऊन या. मी इथे बसते." मी चहा घेऊन आलो तर ट्रेलर सरळ होऊन गल्लीच्या तोंडाशी उभा. तिथे उतार असावा. उरलेला रस्ता मी एकहाती चालवला.

तेव्हा काळजी नसावी. गुरुवारी पहाटे निघतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
चंद्रप्रकाश

ता. क. एक किरकोळ काम. तुमच्या अंगणाभोवतीच्या दगडी गडग्याला एकच वाट आहे. दुसऱ्या बाजूनेही गाडी जाईल एवढा तो फोडून ठेवाल का? म्हणजे एकीकडून आत यायचं, दुसरीकडून बाहेर, मागे घेण्याचा प्रश्नच नाही. शिवाय वारा खेळता राहील. पोफळी मध्ये येत असतील तर त्यांचंही बघा.

ता. क. दादा, मी वनमाला. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. गडग्याक हात लावू नको. पोफळींकडे तर बघूसुद्धा नको. पवईला उतार नव्हता, मी होते. रोज पहाटे भाड्याच्या टेंपोला जोडून ट्रेलर जाग्यावर कोण लावत होतं, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता सांगून त्यांना माहेरी खाली मान घालून आणायचं नाही मला. आम्ही आलो की तू त्यांना लगेच मागच्या दारी विहीर दाखवायला ने आणि पाणी किती खोल आहे ते सावकाश सांग. परत याल तेव्हा गाडी अंगणात असेल. मग सगळ्यांसमोर त्यांना विचार, एवढी मोठी गाडी आत घातलीत तरी कशी?