गुडघ्यासाठी उपास

बुधवार, ५ फेब्रुवारी

तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्या चर्चमध्ये सगळे एकाच वेळी, मोठ्यानं प्रार्थना करतात. शास्त्रात देवाला सात डोळे आहेत. सहस्र कान द्यायचं कुणाला कसं सुचलं नाही, कळत नाही. आज शेजारच्या बाईंनी आपल्या आजारी टर्कीसाठी असा टाहो फोडला, की माझी प्रार्थना मलाच ऐकू आली नाही.

बरंच झालं. ऐकण्यासारखी नव्हती.

या महिन्यासाठी पास्टरांनी जोड्या लावल्या. जोडीदाराची विनंती सगळ्यांसमोर ऐकायची आणि दर शुक्रवारी तिच्यासाठी उपास धरायचा. माझ्या वाट्याला तिबुर्सियो आला — शवपेट्यांचं दुकान, पोट आणि विनोद दोन्ही मोठे. उभा राहून सरळ म्हणाला, की मी बायकोशी फार वाईट बोलतो, ते सुटू दे. बायको पुढच्याच रांगेत! तिचं ‘आमेन’ सगळ्यांत मोठं.

मग मी उठलो. ओडिलिया, माझी बायको, माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो — गुडघा दुखतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तिबुर्सियोच्या जिभेसाठी उपास. अकरा वाजता केळं खाल्लं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ओडिलियानं तीन दिवस अबोला धरला. आज बोलली ते एवढंच, “तुरुंगात तुझा गुडघा आहे का?”

नाही. आमचा मुलगा आहे, ओबेद. दारू, मग चोरी. चर्चमध्ये आम्ही — म्हणजे मी — सांगितलंय, की तो मेक्सिकोत कामाला असतो. तिला हे खोटं नकोच होतं. रविवारी ती त्याला भेटायला राजधानीला जाते आणि लोकांना मी सांगतो, बहिणीकडे गेली.

रोज सकाळी आम्ही हात धरून मागतो : तो सुटावा, घरी यावा. ती साध्या शब्दांत मागते. मी बायबल-पाठशाळेत शिकलेला. माझी प्रार्थना लांबलचक वाक्यांतून चालते आणि कुठेच पोचत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुपारी तिबुर्सियो आला. सकाळपासून त्याच्या पोटात पाणीसुद्धा नाही. आमच्या चुलीवर काळ्या घेवड्याचं पातेलं रटरटत होतं. तो त्याच्याकडे पाठ करून बसला. म्हणाला, गुडघ्यानं कुणी मरत नाही मास्तर, म्हणजे धंद्यात माझं नुकसानच. पण म्हटलं मागू.

मग एवढा देह घेऊन जमिनीवर बसला, माझा गुडघा दोन्ही हातांत धरला, आणि प्रार्थना करता करता रडला. गुडघ्यासाठी! मी छताकडे बघत राहिलो. ओडिलिया उठून परसात गेली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुडघा बरा झाला. खरंच. पास्टर म्हणतात, एखाद्या रविवारी सगळ्यांसमोर त्याची साक्ष द्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

राहवेना. तिबुर्सियोच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं — ओबेद, तुरुंग, मेक्सिको. तो एका पेटीला पांढरा रंग देत होता. बराच वेळ ब्रश धूत राहिला.

“म्हणजे दोन शुक्रवार मी एका सांध्यासाठी उपाशी मेलो,” म्हणाला आणि हसला. मग हसू आवरून, “आजचा उपास चालूच आहे. पोरासाठी काय मागू, सांग.”

मी म्हणालो, सुटावा. घरी यावा.

त्यानं तिथंच, रंगाच्या वासात, डोळे मिटले आणि ओबेदचं नाव घेऊन मागितलं. मी आमेन म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्याला वाटलं, मी रडतोय. त्यानं पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

वकिलाचा फोन आला. ओबेद शनिवारी सुटतोय. ओडिलिया त्याची खोली झाडताना गातेय.

दार लावून हळू आवाजात प्रार्थना केली. देवा, मला तो घरी नकोय. तो गेल्यापासून घर शांत आहे आणि मला ते आवडतं. शनिवारी तो दारात उभा राहील आणि आधी माझा चेहरा बघेल. त्याला कळेल. त्याचीच भीती वाटते.