लोखंडखाऊ

परळी वैजनाथ, खंडेनवमीची संध्याकाळ

आज माझंच खरं झालं. सुट्टीला भावाचे मित्र गच्चीवर फासे टाकून राक्षसांचा खेळ खेळायला जमतात. गोष्ट मी चालवते, आणि सगळ्यांना ड्रॅगनच पाहिजे असतो. पण ड्रॅगनला भितं कोण? आपला वीर मेला तर कोऱ्या कागदावर दुसरा लिहायचा, झालं.

म्हणून आज माझा लाडका काढला. नियमांच्या पुस्तकात ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही तो लोखंडखाऊ. कुत्र्याएवढा किडा. माणसाला चावत नाही, फक्त मिशा लावतो आणि लोखंडाचा गंज होतो.

त्यांच्यातल्या सचिनचं हार्डवेअरचं दुकान. सकाळीच वजनकाट्याला, पान्यांना हळदकुंकू वाहून आलेला. किडा त्याच्या वीराकडं वळला, तसा त्यानं कागदावर तलवार लिहिली होती तिथं हात ठेवला. खरा हात. त्यानं फासा टाकला, तर एक पडला, म्हणजे तलवार गंजली.

"पूस," मी म्हणाले. हात तसाच.

"दुसरं काय बी घे ताई. चिलखत घे."

"त्याला तलवारच पाहिजे."

मग हात उचलला आणि खोडरबर माझ्याकडं सरकवलं. "तूच पूस. आज माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

सणाच्या दिवशी जास्तच झालं का माझं? नाही. खेळ म्हणजे खेळ. पुसलं मी. त्याच्या हाताखालचा कागद घामानं ओला झाला होता.

मागच्या वेळी ड्रॅगनसमोर हाच सचिन शेंगा फोडत बसला होता.