सहावा वाटा

१९ एप्रिल
राकेशचा फोन, आमच्या प्राचीले. तोच, चंद्रपूरच्या दवाखान्यात रक्त तपासते तो पोट्टा. म्हणे, पाहायचा कार्यक्रम घरी नको, इथी चंद्रपुरात हॉटेलात भेटू, आई येते. कांदेपोहे बाद. पोट्टी दोन वर्षांपासून त्याच्यावर जीव लावून बसली. पण सारं मास्तरीणबाईच्या हातात. म्हणजे त्याची आई, शाळेतून रिटायर. हसत नाई म्हणे.

२३ एप्रिल
यांले बजावलं, तिथी बडबड करू नका. "मी कुठी बोलतो?" म्हणे. जनमभर जाळं टाकत तलावाच्या पाळीवर, बांधावर ओरडलेला माणूस!

२६ एप्रिल, रविवार
आरमोरीहून एसटीनं चंद्रपूर. हॉटेल थंडगार. भिंतीवर लिवलं, तेल कमी, साखर नाई. कार्डावर पाह्यलं त कोदोची खिचडी! अवो, ज्या कोदोले, गरिबाच्या भरड धान्याले, माझ्या सासूनं जनमभर नाक मुरडलं, तो इथी शान मारून राह्यला. मी फस्सकन हसली. प्राचीनं पाय दाबला. मास्तरीणबाई मुगाची कोशिंबीर चावत होत्या, एकेक घास बत्तीसदा.

मंग भाजलेल्या मच्छीची प्लेट आली. सगळ्यांत एक, बारा तुकडे. अन् आमच्या यायनं काय करावं! हात धुऊन आले, प्लेट ओढली अन् वाटे लावले. हातानं! उन्हाळ्यात तलावाची मच्छी काढली का पाळीवर लावतात, तसेच. दोन-दोनचे सहा. माणसं पाच, आमी तिघं अन् ते मायलेक. पोट्टी लालेलाल. म्हटलं, गेली सोयरीक पाण्यात.

मास्तरीणबाईनं चष्मा वर केला. "सहावा कुणाचा?"

"जो घरी राह्यला त्याचा," हे म्हणे. "खाटेवरचा म्हातारा, बाळंतीण, कोणी बी. त्याचा पह्यले लावतो आमी."

त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई आहेत घरी. खाटेवरच." सहावा वाटा बांधून घेतला. होकार नाई, नकार नाई. नमस्कार, बस.

२७ एप्रिल
कालपासून मी यांच्याशी भांडून राह्यली. हे म्हणे, "तू बडबड नको म्हटलं, मी केली का?" हात चालवले ना, बापा! भलता राग आला. खरं सांगू त हसू बी.

३० एप्रिल
फोन नाई. प्राची ड्यूटीवरून आली, जेवलीच नाई. कोदो शिजवला होता मुद्दाम, मिरचीची चटणी. हॉटेलपेक्षा बरा झाला. पण पोट्टीचं ताट झाकून ठेवलं.

४ मे
मास्तरीणबाईचा फोन! "सासूबाई रोज विचारतात, मच्छी कोणी पाठवली. त्यांना तो माणूस पाहायचाय. तुमच्या तलावाची मच्छी कधी काढणार?"

म्हटलं, येत्या रविवारी.

"मग येतो. त्यांना गाडीत घालून."

"अन् आमच्या प्राचीचं?" निघालंच तोंडातून.

"ते तिथंच बोलू. वाटा ठेवा."

यांले सांगितलं. जाळं सांधत बसले होते. विचारतात काय, "त्यायचा वाटा पाव्हण्यायचा म्हणून वेगळा लावू का आपल्या घरच्यातच?"

म्हटलं, ठरलं काय अजून!

दाराआडून पोट्टी म्हणे, "आपल्यातच लावा, बाबा." अन् पळाली.