सोडून दिलेले चेंडू

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, आई, पाच दिवस कुणाकडे असतात गं आता? आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवूनही दिलास. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. एकटीने भांडण्यात काही मजा नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं आलंय आणि ओळी घसरल्यात, त्याला हसू नकोस. पुढच्या महिन्यात इथल्या मैदानावर कसोटी सामना आहे. किती वर्षांनी आपल्या शहराच्या वाट्याला आलाय! तू रजा काढून यावंस आणि पाचही दिवस माझ्या शेजारी बसून तो बघावास, एवढंच मला हवंय. बाकीचं सगळं पत्र म्हणजे लाडीगोडी आहे असं समज.

तू मोबाईलवर सामन्यांचे तुकडे पाठवतेस. चौकार, षटकार, दांडी गुल, पुन्हा षटकार. नुसती साखर खाल्ल्यासारखं होतं गं. हे तुकडे तुमच्या ऑफिसात तूच कापतेस, तुझं पोट त्यावर आहे, म्हणून इतके दिवस जीभ आवरली. आज नाही आवरणार. फलंदाजाने बॅट वर उचलून चेंडू सोडून दिला की तो तू कापून टाकतेस, हो ना? तुझे बाबा असते तर त्यांनी तुझा कान धरला असता. चौकाराला त्यांनी कधी टाळी वाजवली नाही. पण स्टंपच्या बाहेरून जाणारा चेंडू कुणी शांतपणे सोडला, की हातातली इस्त्री उभी करून ठेवायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. सोडायला जास्त अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या माहेरच्या माणसांच्या बोलण्यालाही ते हाच नियम लावायचे.

आपल्या लाँड्रीची मागची भिंत मैदानाला लागून होती, त्यामुळे तिथे खेळणाऱ्या संघांचे कपडे आपल्याकडेच यायचे. दिवसभर रेडिओवर ऐकलेला सामना संध्याकाळी गाठोडं सोडलं की पुन्हा बघायला मिळायचा. मांडीवर लाल पट्टा म्हणजे चेंडू घासणारा. गुडघ्यावर हिरवा डाग म्हणजे बिचारा सीमारेषेवर लोळलेला. एका कप्तानाची पँट नेहमी कोरी करकरीत परत यायची. बाबांनी एकदा ती न धुताच घडी घालून पाठवून दिली आणि त्याच्या कधी लक्षातही आलं नाही. आताचे ते रंगीबेरंगी कपडे बघते ना, वाटतं यांना साबण तरी लागतो का? डाग धरत नाहीत, घडी धरत नाहीत, आणि छातीवर जाहिरात मात्र साबणाची!

आणि आपला तो नियम आठवतो का? जोडी जमली की कुणी जागचं हलायचं नाही. जो जिथे असेल, त्याने तिथेच राहायचं. हललं की विकेट पडते, यावर आपल्या घरात कधी वाद झाला नाही. गिऱ्हाईक दारात असेल तर ते दारात. एकदा तू इस्त्रीच्या टेबलाखाली सापडलीस आणि अख्खी दुपार तिथेच काढलीस. पायाला मुंग्या आल्या, शू लागली, पण आमची भिंगरी, जी एरवी एका जागी क्षणभर टिकायची नाही, ती मुकाट बसून होती.

मास्तरांच्या सदऱ्याची गोष्ट तू फार लहान असतानाची, तुला ऐकूनच माहीत असेल. शेवटची जोडी खेळत होती, शेवटची ओव्हर, टिकलो तर सामना वाचणार. बाबांचा हात इस्त्रीवर आणि इस्त्री मास्तरांच्या नव्या सदऱ्यावर. मास्तर स्वतः काउंटरवर कोपर टेकून उभे. सदऱ्यातून धूर निघायला लागला. बाबांनी बघितलं, मास्तरांनी बघितलं, मला तर वास आधीच आला होता. पण हात उचलायचा कसा? बाबा हलले नाहीत आणि मास्तरही एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटचा चेंडू फलंदाजाने सोडून दिला, सामना अनिर्णित राहिला, दोघांनी काउंटरवरून एकमेकांना मिठी मारली, आणि मग मास्तरांनी जी बोंब ठोकली ती समोरच्या बेकरीपर्यंत गेली. कुणीच जिंकलं नाही म्हणून आम्ही रस्त्यावर नाचलो होतो, हे तुझ्या ऑफिसातल्या पोरांना जरा समजावून सांग बघू.

आता ओव्हर संपते न संपते तोच जाहिरात. शेवटचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोहोचायच्या आत कुणीतरी मला गाडी विकत असतं. ज्याच्या नावाने गेल्या वर्षी घसा फोडला, तो यंदा समोरच्या संघातून खेळतो, आणि आपण नव्या रंगाचे झेंडे घेऊन पुन्हा घसा फोडायचा. समालोचकांचं तर विचारूच नकोस. आमचे रेडिओवाले वारा कुठून वाहतोय तेही सांगायचे. हे म्हणतात, तुम्हाला दिसतंच आहे, आणि आपापसात हॉटेलातल्या जेवणाच्या गप्पा मारत बसतात. अगं, दिसत नसेल एखाद्याला, सांगा की!

पण खरं सांगू? मला खेळाची तेवढी आठवण येत नाही, जेवढी त्या कंटाळवाण्या दुपारींची येते. चहापानाआधीचा तो तास, धावा नाहीत, विकेट नाहीत, पंख्याची घरघर, आणि कॉलरला इस्त्री करता करता आपण दोघी बोलायचो. तुला शिक्षिका व्हायचं नाही, हे मला अशाच एका दुपारी कळलं. तुझं लग्न कुणाशी होणार, हेही. तू बोलायला लागायचीस आणि मी रेडिओकडेच बघत राहायचे, कारण मान वळवली असती तर तू गप्प झाली असतीस. आता येतेस ती दोन तासांपुरती. बढती मिळाली, घर बदललं, परदेशात जाऊन आले, एवढंच सांगतेस. मधलं सगळं कापलेलं. तुझं लग्न मोडलं तेही तू मला एका वाक्यात सांगितलंस आणि लगेच विचारलंस, दूध कुठे ठेवलंयस? मी दूध काढून दिलं. त्या एका वाक्याच्या मागेपुढे काय काय झालं असेल, या विचाराने अजून माझा जीव तुटतो. तुला मी रोखून कधीच विचारणार नाही. पण पाच दिवस शेजारी बसलीस तर कदाचित तूच बोलशील, आणि नाही बोललीस तरी चालेल मला.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. घाबरू नकोस आणि लगेच फोनही करू नकोस. माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. आधी एकाचा, आता दुसऱ्याचाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी उगाच गोड बोलून फसवलं नाही. पूर्ण अंधार होणार नाही, घरात वावरता येईल, पण जिकडे रोखून बघाल नेमकं तेच दिसणार नाही, म्हणाल्या. चष्म्याने भागणार नाही, आणि जे गेलं ते परत येणार नाही. खालचे औषधवाले मला हट्टाने त्या रात्रीच्या झटपट सामन्याला घेऊन गेले होते. तिथे माझी काय गंमत झाली माहितीय? सीमारेषेवरच्या जाहिराती दिसल्या, आतषबाजी दिसली, नाचणाऱ्या पोरी दिसल्या. खेळपट्टी तेवढी दिसली नाही. तेव्हा हसले, पण घरी येऊन बाबांच्या फोटोकडे बघितलं तर तिथे नुसती चौकट होती, आणि मग मात्र खूप रडले. मागच्या खेपेला तू टेबलापाशी माझ्या समोर बसली होतीस ना, तेव्हा मी तुझ्याकडे सारखी बघत होते आणि तू म्हणालीस, आई, अशी काय बघतेस? तुझा चेहरा शोधत होते गं. सापडला नाही. पण तू उठून माझ्या बाजूला येऊन भांडी विसळायला लागलीस, मी समोरच्या खिडकीकडे बघत होते, आणि डोळ्याच्या कडेला तू आलीस. पुसट होतीस, पण तूच होतीस, कानामागे केस सारताना. समोर बसलीस की तू मला दिसत नाहीस, शेजारी बसलीस की दिसतेस. मी खूप विचार केला, दोन माणसं दिवसचे दिवस एकमेकांच्या शेजारी बसून समोर बघत राहतात अशी जागा कुठली? मला एकच आठवली. चेंडू कुठे गेला ते तू मला सांगू नकोस, हवं तर एकही सांगू नकोस. मी समोर मैदानाकडे बघत राहीन, आणि पाच दिवस तुला बघून घेईन.

तुझ्यासाठी शेजारची जागा धरून बसलेली,
तुझीच,
आई