लग्नघरातला रेडा

प्रिय अश्विन,

काल आम्ही तुम्हाला केळवण केलं. जेवल्यावर तुझ्या आई हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या आणि तशाच परत आल्या.

"लग्नघरात रेडा? अगं, यमाचं वाहन ते!"

माझे बाबा म्हणाले, "अहो, अजून रेडकू आहे. यम मावणार नाही पाठीवर."

त्या हसल्या नाहीत. लग्नाआधी त्याला हलवा, एवढंच म्हणाल्या. तू बासुंदी वाढून घेत होतास.

कॉलनीमागच्या डेअरीवाल्याने नर म्हणून त्याचं दूध तोडलं होतं आणि मरायला कोपऱ्यात बांधलं होतं. मी त्याला डेअरीवाल्याकडून मागून आणलं, हे तुला ठाऊक आहे. गोशाळेत तेव्हाच विचारलं होतं. रेडकू म्हटल्यावर तिथला माणूस म्हणाला, "मैडम, गाय का बछड़ा हो तो ले आओ. पाड़ा कौन रखेगा?" म्हणजे हलवायचं ते कसायाकडेच, हे तुझ्या आईंनाही कळतं.

निघताना फाटकाशी मी तुला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

"मला काय प्रॉब्लेम नाही यार. आईला तू समजव."

माझी बोटं चोखल्याशिवाय तो बाटलीला तोंड लावत नाही. आज सकाळी तो बोटं चोखत होता, तेव्हा माझं ठरलं. तो इथेच राहील. लग्नानंतरही मी रोज त्याला दूध पाजायला माहेरी, सुदामा नगरला येईन. यावर लग्न मोडत असेल, तर मोडू दे.

हे पत्र तुला पाठवत नाही. तू ते आईंना दाखवशील आणि उत्तर त्यांचंच येईल. त्यापेक्षा त्यांनाच फोन लावते.

अजून तरी तुझी,
उर्वी